चावणारा नळ

दिव्याचं बटण मी लाटण्याने दाबायची. आज हे सांगितलं की मी शिकवते त्या वर्गातल्या मुली खो खो हसतात, पण दहावीची परीक्षा देईपर्यंत मी बटणाला कधी बोट लावलेलं नव्हतं. नरपडला आमच्या घरी देवाजवळचा झिरो सोडला तर एकच बल्ब होता, पुढच्या खोलीत, आणि त्याचं काळं बटण दाराजवळच्या लाकडी फळीवर. बाबा होडीवरून यायचे तेव्हा त्यांचे हात ओले असायचे. आई आतूनच ओरडायची, "हात पुसा आधी, नाहीतर ती खेचून घेईल." ती म्हणजे वीज. वीज माणसाला खेचून घेते, चिकटवून ठेवते आणि त्याचं रक्त पिते, यावर आमच्या आळीतल्या बायकांचं एकमत होतं. एरवी त्यांचं कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नसे. मला ते इतकं पटलेलं, की दिवेलागणीला मी स्वयंपाकघरातून लाटणं आणायची, एक डोळा मिटायची आणि हात लांब करून खट् करायची. लाटण्याचं पीठ लागून लागून आमचं काळं बटण कायम पांढरं दिसायचं.

परीक्षा संपली आणि तलासरीहून निरोप आला, की आत्या पायरीवरून घसरून पडली, उजवं मनगट मोडलं, मंजूला पाठवा. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिला मूलबाळ नव्हतं, आणि आतोबांना चहाखेरीज काही करता येत नाही अशी आमच्याकडे समजूत होती. आईने सुक्या बोंबलांची जुडी, थोडा जवळा आणि शेजारच्या वाडीतले कच्चे चिकू असं पिशवीत भरलं आणि मला डहाणूहून एसटीत बसवून दिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्राचा आवाज नसलेल्या घरात झोपायला निघाले होते.

आत्याचं घर हमरस्त्याला लागून होतं. पुढे आतोबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, मागे दोन खोल्या आणि पडवी. जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढून नवी भरायची, हा त्यांचा धंदा. समुद्राचा आवाज नव्हता, पण गप्प असं ते घर कधीच नव्हतं. रस्त्यावरून ट्रक गेले की मांडणीवरची भांडी आपसात बोलायची. दुकानातून लाकडी हातोडीची ठकठक यायची, आणि दुरुस्त झालेली मोटर चालू करून बघताना असा एक घूं उठायचा की माझ्या दाढा शिवशिवायच्या. आतोबा त्या आवाजाकडे मान तिरकी करून कान द्यायचे आणि "हं, गातेय" किंवा "नाही, कण्हतेय" असं म्हणायचे. सगळ्या घराला वार्निशचा वास होता. भाताला वार्निश, चहाला वार्निश. वार्निश लावलेली मोटर सुकवायला आतोबांनी एका पत्र्याच्या पिंपात चार मोठे बल्ब बसवले होते. आत्या गुपचूप त्याच पिंपात माझे चिकू पिकायला ठेवायची. दोन दिवसांत पिकायचे. त्यांची चव मी पुन्हा कुठे चाखली नाही, आणि चाखायची फारशी इच्छाही नाही.

मी गेले स्वयंपाकासाठी, पण तिसऱ्याच दिवशी माझं काम बदललं. दुकानात तारेची वेटोळी गुंडाळायचं काम आत्याचं होतं. लाकडी साच्याला एक हँडल, ते फिरवायचं, तांब्याची बारीक तार एकसारखी साच्यावर चढवायची आणि वेढे मोजायचे. उन्हाळा होता, वाड्यांतले पंप दिवसरात्र चालून जळत होते, आणि दुकानासमोर मोटरींची रांग लागली होती. उंबरगावकडची गिऱ्हाइकं येऊन मोटर कधी मिळणार ते गुजरातीत विचारायची, "काका, मोटर क्यारे मळशे? झाडं सुकून चालली." आतोबा घाम पुसत "काले, काले", म्हणजे उद्या, उद्या, म्हणायचे. त्या दुपारी आत्याने प्लास्टरमधला हात गळ्यातल्या झोळीत नीट केला आणि जाहीर केलं, "भात हे लावतील. मंजू, तू मशीनवर बस."

"मला वीज नको, आत्या."

"यात कुठली वीज? रहाट फिरवतेस ना विहिरीचा? तसाच फिरव."

मी फिरवू लागले. आत्या शेजारी पाटावर बसून मोठ्याने मोजायची. मधे कुणी काही विचारलं तरी ती मोजणं सोडायची नाही. नुसत्या भुवयांनी उत्तर द्यायची. शेजारीण एकदा मुलीच्या लग्नाचं सांगायला आली, तर आत्याने "एकशेबारा, एकशेतेरा" म्हणतच तिच्या कपाळाला कुंकू लावलं. आतोबांनी लावलेला भात खाली लागायचा आणि वर कच्चा राहायचा, पण सुका बोंबील ते निखाऱ्यावर असा भाजायचे की बाकीचं सगळं माफ. तांदळाची भाकरी, भाजलेला बोंबील आणि चिरडलेला कांदा. अजूनही मला भूक लागली म्हणजे आधी तेच आठवतं.

दुकानातल्या पंख्याचं बटण मात्र मी लाटण्यानेच दाबत होते. एके सकाळी आतोबांनी पाहिलं.

"हे लाटणं कशाला?"

"शॉक लागू नये म्हणून."

मला वाटलं आता हसतील. ते पुढे आले, माझ्या हातातून लाटणं घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. "सुकं आहे ना लाकूड?"

"हो."

"मग अर्धी विद्या तुला येतेच की. सुक्या लाकडातून वीज जात नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला वाटलं."

"बरं वाटलं. आता उरलेली अर्धी मी सांगतो. मग लाटणं स्वयंपाकघरात राहील. तुझी आत्या भाकऱ्या खाऊन खाऊन कंटाळली, तिला पोळ्या खायच्यात."

त्यांनी शिकवायला सुरुवात केली ती टॉर्चच्या सेलपासून. एक सेल, एक बारका बल्ब, वीतभर तार. "लाव दिवा," म्हणाले आणि निघून गेले. मी तार एका टोकाला लावली, दोन्ही टोकांना लावली, बल्बाच्या बुडाला लावली, बाजूला लावली. अर्ध्या तासाने तो इवलासा बल्ब माझ्या बोटांत पेटला. मी इतक्या जोराने ओरडले की आत्याला वाटलं मला शॉक बसला, आणि ती हातातली आमटी घेऊनच धावत आली. त्या दिवसानंतर मला कळलं, की वीज जाते तशी तिला परत यावंही लागतं. वाट कुठे तुटली की दिवा नाही. हे एवढंच. पुढे मी मोठमोठी पुस्तकं वाचली, पण त्या पलीकडचं फारसं काही त्यांत नव्हतं.

मग घरातल्या विजेची पाळी आली. आतोबा कधी पुस्तकातलं बोलत नसत. मी समुद्राकाठची मुलगी, म्हणून मला समुद्रातूनच सांगायचे. "खाडीत भरती येते, ओहोटी लागते, दिवसातून दोनदा. या तारेतलं पाणी एका सेकंदात पन्नास वेळा आत-बाहेर करतं. म्हणून ते दिसत नाही, पण धक्का देतं." फेज म्हणजे जोर असलेली तार, न्यूट्रल म्हणजे परतीची. आणि तिसरी, अर्थिंगची? "ती सांडवा. धरणाला सांडवा कशाला असतो? पाणी नको तिथे चढलं तर बाजूने वाहून जायला. रोज कोरडाच असतो. म्हणून लोकांना वाटतं, याचा काय उपयोग."

मग त्यांनी माझ्या हातात टेस्टर दिला. पेचकसासारखी काडी, मुठीत काचेआड बारीक दिवा. वर अंगठा टेकवायचा, टोक प्लगच्या भोकात घालायचं. मी डोळे मिटले.

"डोळे उघड. दिवा बघायचा असतो."

नारिंगी ठिपका पेटला होता. मला काहीच झालं नव्हतं. आतोबा म्हणाले, "आता एक गोष्ट जन्मभर ध्यानात ठेव. टेस्टर पेटला तर वीज आहे. नाही पेटला, तर वीज नाही असं समजायचं नाही. टेस्टर मेलेला असू शकतो. आधी जिथे वीज आहेच तिथे लावून बघायचा, मग शंकेच्या जागी, मग परत पहिल्या जागी. तीन वेळा. ज्याने आळस केला तो गेला." हे ते कुठल्याही धाकाशिवाय सांगत, कालवणात मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. टेस्टरनंतर आला टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमधला बल्ब आणि त्याला दोन लांब तारा. टेस्टर नुसती चाहूल देतो, बल्ब जोर किती ते दाखवतो. मग सिरीज बल्ब, ज्याने मोटरीतली तार आत कुठे तुटलीय की लोखंडाला टेकलीय ते कळतं. काम करताना मेन बंद करून फ्यूजची पांढरी ग्रिप, म्हणजे फ्यूजची तार बसवलेला ठोकळा, काढायची आणि स्वतःच्या खिशात टाकायची, म्हणजे मधेच कुणी वीज सुरू करू शकत नाही. पायात चपला, हात कोरडे, आणि खात्री नसेल तर एक हात पाठीमागे, म्हणजे वीज छातीतून आरपार जात नाही.

आता माझ्या वर्गातल्या मुली डिजिटल मीटर घेऊन येतात. आकडे दिसतात, शिट्टी वाजते, सगळं छान आहे. तरी पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात सेल, बल्ब आणि वीतभर तारच देते, आणि निघून जाते. दाराबाहेर उभी राहून ऐकते. तो ओरडा दर वर्षी तसाच येतो.

आत्याचं प्लास्टर निघालं आणि मी घरी परतले. आतोबांनी मला टेस्टर आणि टेस्ट लॅम्प बक्षीस दिला होता, आणि आत्याने चिंचेचा गोळा. नरपडला पोचले तेव्हा अंगणात आई बोंबील वाळत घालत होती. दोरीच्या जागी नवी जाड तार ताणलेली दिसली. बाबांनी कुठूनशी आणली, म्हणाली, काथ्याच्या दोऱ्या दर वर्षी कुजतात. मग तिने हंडा माझ्या हातात दिला. "चल पाण्याला. आणि ऐक, नळाला फडकं गुंडाळलंय त्यावरूनच धर. नळ चावतो."

"चावतो म्हणजे?"

"चावतो म्हणजे चावतो. मुंग्या येतात हाताला. आधी थोडं होतं, आता कोपरापर्यंत येतं." आणि ती हसली. "जनाकाकूची सासू म्हणते, संधिवाताला बरं असतं."

आमच्या आळीला पिण्याचं पाणी भास्करभाऊंच्या चिकूच्या वाडीतून मिळायचं. भास्करभाऊ बागायतदार, मोठा माणूस; त्यांच्या विहिरीला गोडं पाणी होतं, आणि त्यांनी आपण होऊन पंपाच्या लोखंडी नळीला कुंपणाजवळ एक नळ काढून दिला होता. पंप चालू असला की नळाला पाणी. आम्ही गेलो तेव्हा बायकांची रांग होती आणि हसणं-खिदळणं चाललं होतं. पोरं पैज लावून नळाला बोट लावत होती आणि "आई गं" करून नाचत होती. सगळ्यांचे पाय अनवाणी, खाली चिखल.

मी हंडा तिथेच ठेवला आणि घरी पळाले. पिशवीतून टेस्टर काढला, आधी घरच्या बोर्डाला लावला, पेटला. परत येऊन ओढणीने ऊन अडवून नळाला लावला. पेटला, चांगला लख्ख. पण ओढणीआडचा तो ठिपका फक्त मला दिसत होता.

"नळाला कुणी हात लावू नका," मी म्हणाले. "यात वीज उतरलीय. माणूस मरेल."

बायका माझ्याकडे बघू लागल्या. जनाकाकू म्हणाली, "अगं, महिना झाला, आम्ही मेलो का?"

"आज नाही तर उद्या. काकू, खरंच सांगते."

"तलासरीला जाऊन मोठी इंजिनेर होऊन आली," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. गलका ऐकून भास्करभाऊ वाडीतून आले. मी त्यांना पंप बंद करायला सांगितलं. ते रागावले नाहीत; पण त्यांचा चेहरा पडला. "पोरी, पंप बंद केला तर या बायका पाणी कुठून नेणार? पार पलीकडच्या आळीतनं? आणि माझ्या पंपाला काय झालंय? काल तर कलमांना पाणी दिलं."

आईने माझा दंड धरला. इतक्या माणसांत, ज्यांचं पाणी पितो त्यांना मुलगी उलटून बोलते, याची तिला भयंकर लाज वाटत होती. "घरी चल," ती दबक्या आवाजात म्हणाली. "शोभा करू नकोस."

मला रडू येत होतं. तेवढ्यात आतोबांचं आठवलं, की टेस्टर चाहूल देतो, बल्ब दाखवतो. मी पुन्हा पळत घरी गेले आणि टेस्ट लॅम्प आणला, त्यात आमच्या देवाजवळचा झिरोचा बल्ब लावला. भास्करभाऊंच्या गड्याची पहार कुंपणाला टेकलेली होती. ती नळापासून लांब, ओल्या जमिनीत खोल ठोकली. बल्बाची एक तार पहारीला गुंडाळली. दुसरीचं टोक सुक्या बांबूच्या काठीला बांधलं. पायात चपला घातल्या, एक हात पाठीमागे घेतला, आणि काठी पुढे करून ते टोक नळाला टेकवलं.

बल्ब पेटला. फार नाही, निखाऱ्याइतका लालसर. पण पेटला. कुठल्याही बोर्डाशिवाय, कुठल्याही बटणाशिवाय, नळातून पाणी पडत होतं आणि बल्ब जळत होता. मी काठी उचलली, विझला. टेकवली, पेटला.

मघाशी पैज लावणाऱ्या पोराला त्याच्या आईने खसकन मागे ओढलं आणि कारण नसताना एक धपाटा घातला. जनाकाकूने आपला हात पदराला पुसला. भास्करभाऊंनी धोतर सावरलं आणि ते पंपाच्या खोलीकडे धावत सुटले.

"भाऊ, चपला घाला!" मी ओरडले. ते अर्ध्या वाटेवरून वळले, चपला घातल्या आणि परत धावले.

पंप बंद झाला, पण माझं कौतुक कुणी केलं असं समजू नये. भर उन्हात पलीकडच्या आळीतून हंडे आणताना बायका मला काय काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही. आई माझ्याशी बोलत नव्हती. संध्याकाळी बाबा होडीवरून आले, सगळं ऐकलं, जेवले आणि मला एवढंच विचारलं, "भावोजींना निरोप धाडला का?" धाडला होता.

आतोबा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले. मला हायसं वाटलं. आता ते बघतील. पण पंपाच्या खोलीशी येऊन ते दारातच थांबले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "हं. काय करणार आधी?"

"मी?"

"नळ कुणी पकडला? मी तर तलासरीला होतो."

आळीतली निम्मी माणसं वाडीत जमली होती. मी मेन खाली ओढला आणि फ्यूजची ग्रिप काढली. माझ्या परकराला खिसा नव्हता. आतोबा म्हणाले, "कुणाकडे देशील? विचार करून दे. ती ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुझा जीव." मी गर्दीत पाहिलं. मग आईपाशी गेले. "हे ठेव. मी मागेपर्यंत कुणालाही द्यायचं नाही. भास्करभाऊंनी मागितलं तरी नाही." आईने त्या पांढऱ्या ठोकळ्याकडे पाहिलं, पदराच्या टोकात त्याची गाठ मारली आणि गाठ मुठीत धरली.

टेस्टर तीन ठिकाणी नाही, तीन वेळा लावून बघितला. मग शोध. आतोबा नुसते प्रश्न विचारत होते. लोखंडाला वीज कुठून येईल? तार कुठे कुठे लोखंडाला लागतेय? मी बोटाने तार चाचपत गेले आणि पंपाच्या बुडाशी सापडलं. लोखंडी पट्टीखाली दबलेली तार पंपाच्या थरथरण्याने घासून घासून सोललेली होती, आणि आतलं तांबं लोखंडाला टेकलं होतं. सोपं काम होतं. ती जागा कापली, नवा तुकडा जोडला, टेप गुंडाळली, पट्टीखाली रबर घातलं.

"झालं?" आतोबांनी विचारलं.

"झालं."

"मग सांडव्याचं काय?"

मी वाकून पाहिलं. पंपाच्या बुडाला अर्थिंगचा बोल्ट होता, आणि त्यातून एक जाड तार बोटभर बाहेर येऊन संपत होती. कापलेली. भिंतीपलीकडे, जिथे जमिनीत पत्रा पुरलेला असतो, तिथेही तसाच बोटभर तुकडा. मधली सगळी तार गायब. ती असती तर वीज जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता, आणि नळ कुणाला चावलाच नसता.

"चोरली!" भास्करभाऊ संतापले. "कोण हरामखोर माझ्या वाडीतली तार घेऊन गेला?"

मी तो तुकडा हातात धरून होते. जाड, जस्ताचा मुलामा दिलेली तार. अशीच तार मी काल पाहिली होती, आमच्याच अंगणात, तिच्यावर बोंबील लटकत होते. माझे कान तापले. मान वर करायचा धीर होईना. मी बोलले तर बाबांची लाज जाते. न बोलले तर हे काम अर्धवट राहतं. आतोबा माझ्याकडे बघत होते.

"तार मी नेली, भास्करभाऊ."

बाबा गर्दीतून पुढे आले होते. डोक्यावरची टोपी हातात. "भिंतीला नुसती लोंबत होती. ना बल्बाला लागलेली, ना बटणाला. मला वाटलं वाया पडलीय. विचारायला हवं होतं, नाही विचारलं." मग ते बायकांकडे वळले, ज्यांच्यात आईही होती. "तुमच्यातली एखादी गेली असती."

बाबा फार बोलणारे नव्हते. समुद्रावर माणसं बुडालेली त्यांनी पाहिली होती, पण त्यांना असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भास्करभाऊंचं तोंड उघडं होतं, शिवी ओठावर होती. ती त्यांनी गिळली. त्यांनी वाकून तो बोल्ट बोटाने चाचपला. "मला तरी कुठे ठाऊक होतं ती कशाला आहे," ते शेवटी म्हणाले. "वायरमननं लावली, मी पैसे दिले. दोन वर्षं माझ्याच डोळ्यांसमोर लोंबत होती. जा, घेऊन या. बोंबील काढून आणा हो, चार माणसं हसतील."

आणि चार माणसं खरंच हसली. बाबा आणि आतोबा मिळून तार घेऊन आले. ती खारट झाली होती, माशाचा वास मारत होती. मी ती टोकांना कानशीने घासून चकचकीत केली, बोल्टला आवळली, दुसरं टोक पुरलेल्या पत्र्याकडच्या तारेच्या तुकड्याला बांधलं, आणि पुरलेल्या जागी हंडाभर पाणी ओतलं. आमच्या आळीत पुढे कित्येक वर्षं त्याला बोंबलाचं अर्थिंग म्हणत. काम चाललेलं असताना बाबा माझ्या मागे उभे होते. आतोबांना ते हळूच म्हणाले, "भावोजी, हिला हे पुढे शिकता येतं का कुठे? मुलींना घेतात?" आतोबा म्हणाले, "नसतील घेत तर जाऊन विचारू." जूनमध्ये ते दोघं मला घेऊन खरंच विचारायला गेले. वायरमनच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते, आणि पहिले दोन महिने मला स्टूल धरायचं काम मिळालं. पण ते वेगळं प्रकरण.

त्या दिवशीचं शेवटचं राहिलं. आईकडून ग्रिप मागून घेतली, बसवली, मेन वर केला, पंप सुरू झाला. बघायला आलेली सगळी माणसं नळापासून चार हात लांब उभी होती. मी टेस्टर लावला, नाही पेटला. पंपाच्या बोर्डाला लावला, पेटला. परत नळाला, नाही. पहारीचा बल्ब लावून दाखवला, काळाच राहिला. मग मी हाताची मागची बाजू नळाला टेकवली आणि नंतर अख्खा हात. "आता काही नाही," मी म्हणाले. "या, पाणी भरा."

कुणी आलं नाही. महिनाभर हसत हसत त्या नळाला हात लावणाऱ्या बायका आता जागच्या हलेनात. पाणी चिखलात पडून वाया चाललं होतं. जनाकाकूने हंडा पायाशी ठेवला आणि दुसरीकडे पाहिलं. दुसरीने तिसरीकडे. माझा हात नळावर, आणि माझ्या शब्दाला किंमत नाही हे मला लख्ख दिसत होतं.

मग आई पुढे आली. तिने कालपासून माझ्याशी अक्षर काढलेलं नव्हतं, आताही काढलं नाही. नळावरचं ओलं फडकं तिने सोडलं, पिळलं आणि खांद्यावर टाकलं. चिखलात अनवाणी पाय रोवले. उघड्या मुठीने नळ गच्च धरला आणि धरूनच राहिली, तिची नजर माझ्यावर. हंडा काठोकाठ भरला, वाहू लागला, तरी तिने हात काढला नाही.

"माझ्या पोरीने बघितलंय," ती बायकांकडे वळून म्हणाली. "आणा हंडे."